रिकाम्या होल्डरचा लूप

तारीख : २८ ऑक्टोबर, मंगळवार. वेळ : सकाळी सव्वानऊ. जागा : कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागातली मागची खोली.

हजर : मी; आमच्याकडे मोजमापं घेणारी संशोधक विद्यार्थिनी; प्रयोगशाळेचे मामा. गैरहजर : तिचे मार्गदर्शक सर, मुक्काम कोल्हापूर. हवेतली आर्द्रता : त्र्याऐंशी टक्के.

हजेरीत आर्द्रता कशाला, असं मला बरेच जण विचारतात. आमचं कॉलेज सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर आहे. खाली खाडी, खाडीपलीकडे समुद्र. इथे आर्द्रता रोज हजर असते आणि प्रत्येक कामात हात घालते, म्हणून तिचं नाव हजेरीत.

मी एकवीस वर्षं इथे शिकवते. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर रोजची यादी लिहिते, झालेल्या कामावर रेघ मारते, राहिलेलं दुसऱ्या दिवशीच्या यादीत उतरवते. त्या मंगळवारच्या यादीत सात कामं होती. पहिलं होतं : 'तिचा पाचवा अध्याय वाचून परत देणे.' बाकीच्या सहांपैकी त्या दिवशी एकही झालं नाही.

ती तेहेतीस वर्षांची आहे. एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. घर मालवणजवळच्या ख्रिस्ती वाडीत, आजोळ गोव्यात. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पहाटेच्या एसटीने फोंडाघाट चढून ती कोल्हापूरला सरांकडे जाते आणि रविवारी परत येते. तिची पीएचडी तिथली, पण मोजमापं माझ्याकडे, कारण लागणारं उपकरण मी बारा वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या पीएचडीसाठी जुळवलेलं आहे. घरगुती मामला. जुना ऑसिलोस्कोप, एक अॅम्प्लिफायर, संदर्भाचा एक कपॅसिटर आणि झाकणाच्या एका पेटीत नमुना धरायचा टेफ्लॉनच्या ठोकळ्याचा होल्डर. खाली तांब्याची चकती, वर स्प्रिंगवर बसवलेली पिन, मध्ये गोळी. गोळी म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी भाजलेल्या पावडरीची चकती, दोन्ही बाजूंना चांदीचा लेप.

ती बिस्मथ आणि लोहाच्या संयुगाच्या गोळ्या करते. हा पदार्थ फेरोइलेक्ट्रिक आहे. त्याच्या आत विजेच्या सूक्ष्म जोड्या असतात, एका टोकाला अधिक, दुसऱ्या टोकाला उणे. बाहेरून व्होल्टेज दिलं की त्या एका दिशेला वळतात आणि व्होल्टेज काढून घेतलं तरी बऱ्याचशा तशाच राहतात. उलटं व्होल्टेज दिलं की उलट्या वळतात. व्होल्टेज आडवं आणि साठलेला भार उभा मांडला की पडद्यावर एक बंद वळसा दिसतो. त्याला आम्ही लूप म्हणतो. व्होल्टेज शून्यावर आल्यावरही किती भार टिकून राहिला, तो आकडा लूपवरून वाचायचा. ज्याचा आकडा मोठा त्याची गोळी चांगली.

तिचा आकडा होता अठरा.

या प्रकारच्या गोळीला अठरा म्हणजे फारच चांगला. पाचवा अध्याय त्या अठरावर उभा होता. येत्या सोमवारी कोल्हापुरात समितीसमोर तिला प्रबंधाचा गोषवारा मांडायचा होता. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती आणि ती डिसेंबरअखेर संपत होती. चार वर्षांत हाताला लागलेली एकच धड गोष्ट ती हीच, असं ती स्वतःच म्हणायची.

अध्याय मी रविवारी वाचला. मजकूर स्वच्छ. मला अडवलं ते परिशिष्टाने. माझ्याकडे काम करणाऱ्याला मी वहीत दोन रकाने सक्तीचे करते : वेळ आणि आर्द्रता. तिने ते मुकाट्याने भरले होते. दसऱ्यानंतरचे सकाळचे सगळे आकडे अठराच्या आसपास, दुपारचे बाराच्या. प्रबंधात सकाळचे घेतले होते. दुपारच्या आकड्यांखाली पेन्सिलने लिहिलं होतं : 'उष्णतेमुळे संपर्क सैल.' आणि सप्टेंबरच्या पानांवर, त्याच गोळीचे, पाच-साडेपाच. तिथे शेरा : 'पॉलिश नीट नाही.'

"संपर्क सैल आहे हे कोणी ठरवलं?" मी मंगळवारी विचारलं.

"दुपारी स्प्रिंग गरम होते ना, मॅडम."

"स्प्रिंग कुठे गरम होते? तू गरम होतेस. पंखा बंद करून बसतेस म्हणून."

ती हसली. तेव्हा ती अजून हसत होती.

मी यादीच्या खाली तीन ओळी लिहिल्या. एक, व्होल्टेजच्या फेऱ्यांचा वेग बदलून बघणे. दोन, होल्डर रिकामा मोजणे. तीन, जे सापडेल ते वजा करणे. तिने त्या वाचल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

वेग बदलायचं कारण साधं आहे. आमच्या कॉलेजच्या गच्चीवरची टाकी दोन वर्षं झिरपत होती. पंपाने किती पाणी चढवलं यावरून टाकीचा आकार काढायला कोणी गेलं असतं, तर टाकी विहिरीएवढी निघाली असती. आणि पंप जितका हळू चालवावा तितका झिरपायला वेळ जास्त, म्हणजे टाकी आणखीच मोठी. गोळीचं तेच. आतल्या जोड्या वळायला जो भार लागतो तो ठरलेला असतो. पण गोळीतून किंवा तिच्या कडेने थोडी वीज नुसतीच वाहून जात असेल, तर आपलं उपकरण तीही साठलेल्या भारात धरतं. या वाहून जाणाऱ्या विजेला लीकेज करंट म्हणतात, मी वर्गात गळती म्हणते. वेग बदलून आकडा तोच राहिला तर गोळी खरी. वेग कमी केल्यावर आकडा फुगला तर गळती.

सेकंदाला शंभर फेऱ्या : साडेदहा. पन्नास फेऱ्या, म्हणजे तिची नेहमीची मांडणी : अठरा. पंचवीस फेऱ्या : तेहेतीस.

तिने तिन्ही आकडे वहीत उतरवले. अक्षर नेहमीसारखंच होतं. मग पेन खाली ठेवलं आणि पडद्यावरच्या लूपकडे बघत राहिली. लूपची टोकं टोकदार असायला हवी होती, ती गोलसर होती. हे तिला आधी दिसलं नव्हतं असं नाही. मलाही दिसलं होतं. अठरा ऐकल्यावर टोकांकडे कोण बघतं?

मी यादीच्या कोपऱ्यात एक छोटी वजाबाकी केली, उत्तर लिहिलं आणि कागदाची घडी घातली.

तेवढ्यात मामा चहा घेऊन आले. मामा पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतात. या खोलीतल्या प्रत्येक वस्तूला त्यांचा हात लागलेला आहे. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय झाला गो? कोणी गेला काय?"

"अठरा गेले, मामा," ती म्हणाली.

"खंय गेले?"

"तोच शोध चाललाय," मी म्हटलं. "गोळी काढ. होल्डर रिकामा मोजूया."

तिने चिमट्याने गोळी काढून डबीत ठेवली. मी पिन उचलून अडकवली, म्हणजे ती खालच्या चकतीला टेकायला नको. मध्ये आता फक्त हवा. व्होल्टेज दिलं. पडद्यावर आडवी रेघ यायला हवी होती.

लूप आला. गुबगुबीत, लंबगोल, अंड्यासारखा.

मामांनी चहाचा कप तसाच धरलेला.

"मॅडम, आत काय आहे?"

"हवा."

"म्हणजे हवा फेरोइलेक्ट्रिक झाली?"

"तसा असात तर बरा," मामा म्हणाले, "गोळये भाजूचो त्रास वाचलो."

बारा वर्षांत हा होल्डर मी रिकामा मोजला नव्हता. ते इथेच लिहून ठेवते. टेफ्लॉन वीज जाऊ देत नाही हे पाठ्यपुस्तकात आहे, आणि मी पाठ्यपुस्तक शिकवते.

मग क्रमाने गेलो. केबल सोडवली, होल्डर बाजूला केला : पडद्यावर सरळ रेघ. केबल निर्दोष. संदर्भाचा कपॅसिटर बदलला : फरक नाही. होल्डर परत जोडला : अंडं परत. म्हणजे वीज होल्डरच्या अंगावरूनच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालली होती. भिंग घेतलं. मामांनी टॉर्च धरली, कारण खिडकीतून येणारा उजेड ठोकळ्याच्या खाचेत पोचत नव्हता. चकती जिथे टेफ्लॉनमध्ये बसते त्या खाचेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हय कायतरी तांबडा दिसता."

मग टॉर्च आणखी जवळ नेली.

"काय आहे, मामा?"

"बाई, ह्या कुंकू आसा."

"कसलं कुंकू?"

"खंडेनवमीचा."

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेत उपकरणांची पूजा होते. मामा करतात. मोठ्या टेबलावर स्कोप, तराजू, मीटर, भट्टीचा चिमटा, सगळं पुसून मांडतात, झेंडू आणि आंब्याच्या डहाळ्या बांधतात, नारळ फोडतात, त्याच्या पाण्याने कुंकू ओलं करून बोट लावतात आणि उरलेलं पाणी तीर्थ म्हणून शिंपडतात. यंदाही झाली होती. मी पाच मिनिटं उभी राहून साक्षांकित प्रतींवर सह्या करायला निघून गेले होते.

"मामा, होल्डरच्या आत कुंकू कशाला लावलंत?"

"दरवर्षी पेटीक लावतंय, बाई. आत नाय. औंदा..." त्यांनी तिच्याकडे बघणं टाळलं.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, मामा, आधी माझ्या होल्डरला लावा, आणि जिथे गोळी बसते तिथेच लावा. नारळ पण मीच धरला होता."

"तू?"

"मग काय? सप्टेंबरभर पाच येत होते. चर्चमध्ये मेणबत्ती लावून झाली होती. म्हटलं, इथलं पण करून घेऊया."

नारळाच्या पाण्यात क्षार असतात. ते सुकलं तरी क्षार मागे राहतात आणि दमट हवेतलं पाणी ओढून घेतात. सकाळी सड्यावर दव असतं, तेव्हा खाचेतली वाट ओली. दुपारी ऊन चढलं की थोडी सुकते. सकाळचे अठरा, दुपारचे बारा. संपर्क कधीच सैल नव्हता. आणि तीन ऑक्टोबरला पहिल्यांदा मोठा आकडा आला त्या दिवशी ती विभागभर पेढे वाटत फिरली होती, त्यातला एक मीही खाल्ला होता.

मामांनी टॉर्च बंद करून खिशात घातली. "माझ्यामुळा तुझा नुकसान झाला, बाय."

"नाय ओ, मामा," तिने लगेच म्हटलं. "लूप गेलो, पण नारळ बरो होतो. खोबरा गोड लागला."

मामा हसले नाहीत. होल्डर उचलून ते स्वतःच बेसिनकडे घेऊन गेले. मी मागे गेले, कारण नळाचं पाणी चालणार नव्हतं. ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुतला, खाच जुन्या दातघासणीने घासली, मग स्पिरिट, मग दोन तास कोमट ओव्हनमध्ये. घासताना मामा म्हणाले, "बाई, एक सांगू? तुमच्या येळाक पण मी आतच लावी होतंय. तेव्हा पेटी खंय होती?"

पेटी मी पीएचडी झाल्यावर करून घेतली होती. मी दातघासणी धुतली आणि जागेवर ठेवली.

ओव्हनचे दोन तास म्हणजे जेवणाची वेळ. मी डबा उघडला, तिने उघडला नाही. ती खिडकीशी बसली होती. खाली खाडीत वाळूच्या पट्ट्यावर होड्या ओढून ठेवलेल्या दिसत होत्या.

"मॅडम, अठरा खोटे नाहीत. मी मोजलेत."

"मोजलेस. कशाचे मोजलेस, एवढंच ठरायचंय."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सोमवारी मी काहीच बोलले नाही तर? समितीतलं कोणी इथे येऊन होल्डर रिकामा करून बघणार नाही. सरांनी लूप बघितलाय, त्यांना आवडलाय. डिसेंबरला प्रबंध देऊन टाकते, जानेवारीत सावकाश बघू."

ती हे ठरवून बोलत नव्हती. बोलून कसं वाटतं ते बघत होती. मी माझ्या डब्यातला एक घावणा झाकणात ठेवून तिच्यापुढे सरकवला.

"तू सांगितलं नाहीस तर कोणाला कळणार नाही," मी म्हटलं. "फक्त पुढच्या वर्षी कोणीतरी तुझं वाचून हीच गोळी करील. कुठेतरी घाटावर, कोरड्या हवेत, नारळ न फोडता. त्याला तीन येतील. मग तो वर्षभर स्वतःची चूक शोधत बसेल."

तिने मान वळवली. "तीन?"

मी डब्यातल्या घावण्याचा तुकडा मोडला.

"मॅडम, तीन कुठून आले?"

घडी घातलेली यादी काढून द्यावी लागली. वेग दुप्पट केला की गळतीचा वाटा निम्मा होतो. अठरा आणि साडेदहा यांच्यात साडेसातचा फरक, म्हणजे अठरातले पंधरा गळतीचे. पंचवीस फेऱ्यांना गळती तीस, आणि तेहेतीसमधून तीस गेले की उरतात तेच. कोपऱ्यात मी '३' लिहून भोवती गोल केला होता.

"हे तुम्हाला दहा वाजताच कळलं होतं?"

"कळलं नव्हतं. हिशेबाने येत होतं. अजून मोजलेलं नाही."

मग तिने घावणा उचलला आणि दोन घासांत संपवला. "चटणी?" म्हणाली.

पावणेतीनला होल्डर परत जोडला. रिकामा : सरळ रेघ, पट्टीने ओढल्यासारखी. मामा दारात उभे होते, त्यांनी रेघ बघितली आणि आत आले. गोळी बसवली : पाच. सप्टेंबरचा आकडा. म्हणजे पॉलिशलाही दोष नव्हता.

"पाच आले!" तिचा चेहरा उजळला. पाच म्हणजे निदान तीन नव्हे.

"टोकं बघ," मी म्हटलं.

टोकं अजून किंचित गोल होती. होल्डरची गळती गेली, गोळीची स्वतःची उरली. या संयुगात ती असतेच. भाजताना प्राणवायूच्या काही जागा रिकाम्या राहतात, कणांच्या सांध्यांतून वीज वाट काढते. ती धुऊन जात नाही. ती मोजून वजाच करावी लागते.

त्यासाठी व्होल्टेजच्या सलग फेऱ्या सोडून सुटे धक्के द्यायचे. आधी एक उणे धक्का, म्हणजे सगळ्या जोड्या एका बाजूला. मग दोन अधिक, लागोपाठ. मग दोन उणे. प्रत्येक धक्क्याला किती भार गेला ते वेगळं लिहायचं. जनरेटर जुळवायला मला अर्धा तास लागला. तेवढ्यात मामांनी तिला विचारलं, दोन-दोनदा कशाक?

तिने मालवणीत सांगितलं. तोपर्यंत ती दिवसभर माझ्याशी कागदी मराठी बोलत होती, तिचा आवाज आता जागेवर आला.

"मामा, समजा तुमी वर्गात जावन सांगितलास, सगळ्यांनी खाडीकडे तोंडा करा. काय होतला?"

"बाकां वाजतली. पाय वाजतले."

"बरा. परत सांगितलास, खाडीकडे तोंडा करा. आता?"

"आता कोण वळतलो? वळलेलेच आसत."

"पण तरी आवाज आयलो तर?"

मामांनी विचार केला. "तर तो वळण्याचो न्हय. भायरचो. नायतर मागच्या बाकावरचो."

"तो भायरचो आवाज म्हणजे गळती. तो दोनय वेळा सारखोच येता. पयल्यातसून दुसरो काढलो की उरलो तो वळण्याचो."

"मगे ह्या पुस्तकात इतक्या कठीण शब्दांत कशाक लिवतत?" मामा म्हणाले.

पहिल्या अधिक धक्क्याच्या भारातून दुसऱ्या अधिक धक्क्याचा वजा. उणे बाजूलाही तसंच. दोन्हींची सरासरी. ती आकडे वाचत होती, मी लिहीत होते, मामा कॅल्क्युलेटर धरून होते, कारण त्यांना त्या दिवशी काहीतरी धरायचंच होतं. पहिली खेप : तीन पूर्णांक एक. दुसरी : दोन पूर्णांक नऊ. तिसरी : तीन.

वजाबाकी केलेला लूप तिने संगणकावर काढला. अरुंद, लहान, उभा. टोकं टोकदार, जिथून निघाला तिथे येऊन मिटलेला. अठराच्या लूपपुढे तो अगदीच किरकोळ दिसत होता. तिने तो मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला.

"पण खरा फेरोइलेक्ट्रिक आहे ना, मॅडम?"

"आहे. आता तो आहे असं म्हणता येतं. सकाळपर्यंत येत नव्हतं."

सरांना फोन तिने स्वतः लावला. मी करू का, असं विचारलं होतं, नको म्हणाली. खोलीतच उभी राहून बोलली.

"सर, अठरा नाहीत... तीन. हो, तीन... नाही, गोळी तीच... वजा करून, सर, पाच धक्के देऊन, तीनदा... होल्डरमध्ये कुंकू होतं... कुंकू, सर. हळदकुंकवातलं. आणि नारळाचं पाणी."

मग बराच वेळ ती ऐकत होती. मामा फरशीकडे बघत होते.

"हो, सर. ठेवते." तिने फोन ठेवला. "म्हणाले, पहिली स्लाइड रिकाम्या होल्डरची ठेव. दुसरी गोळीची. अठरा पण दाखव, तीन पण दाखव, मधली वजाबाकी पूर्ण दाखव. आणि शीर्षकातला 'उच्च' हा शब्द काढ."

"रागावले?"

"नाही. म्हणाले, त्यांच्या प्रयोगशाळेत पण पूजा होते."

पुढचे तीन दिवस तिने रजा टाकली. रोज सकाळी साडेसातला आणि दुपारी अडीचला, आधी रिकामा होल्डर, मग गोळी, मग धक्के. सकाळ आणि दुपार यांच्यातला फरक नाहीसा झाला. सोमवारी ती कोल्हापूरला गेली. समितीने शीर्षक बदलायला सांगितलं, पाचवा अध्याय नव्याने लिहून तीन आठवड्यांत द्यायला सांगितला, आणि गळती वजा करण्याच्या भागाचं स्वतंत्र प्रकरण कर असंही सुचवलं. डिसेंबर धोक्यात आला होता, पण गेला नव्हता. परतीच्या एसटीतून, घाटात, तिने मला दोन ओळींचा संदेश पाठवला : 'अठरा दाखवले तेव्हा सगळे पुढे झुकले. तीन दाखवले तेव्हा प्रश्न विचारले.'

नवा अध्याय तिने नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आणला. मी यादी केली. स्पेलिंग चार, आकृतीची क्रमवारी एक, संदर्भ एक. त्या शेवटच्या संदर्भाशी मी थांबले. जुन्या मसुद्यात एक ओळ होती : या वर्गातल्या पदार्थात यापूर्वीही एवढा मोठा आकडा मिळाला आहे. खाली संदर्भ माझ्या बारा वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधाचा. माझा आकडा पंधरा होता. नव्या मसुद्यात ती ओळ तिने खोडली नव्हती. शेजारी पेन्सिलने फक्त एक प्रश्नचिन्ह होतं, इतकं पुसट की मी बघितलं नसतं तरी तिने काही म्हटलं नसतं.

"ही ओळ काढ," मी म्हटलं.

"तुमचा होल्डर हाच होता?"

"हाच."

"आणि पूजा?"

मामा कपाट पुसत होते, ते पुसतच राहिले.

"मॅडम, तुमची गोळी अजून आहे ना?"

आहे. काचेच्या बरणीत, कापसात, वरच्या कप्प्यात डावीकडे. बरणीवर तारीख आणि माझ्या अक्षरातलं लेबल आहे. लेप निघाला असेल तर नवा देता येईल, त्याला एक तास. होल्डर स्वच्छ आहे. पेटीच्या झाकणावर मामांनी खडूने गोल काढून ठेवलाय, निवृत्तीनंतर जो कोणी येईल त्याने कुंकू तिथेच लावावं म्हणून. पाच धक्क्यांची मांडणी जनरेटरमध्ये साठवलेली आहे. कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये असते.

तिचा प्रबंध डिसेंबरच्या एकोणतिसाव्या दिवशी गेला, त्यावर मी रेघ मारली. होल्डरसाठी ओलावा शोषणाऱ्या खड्यांचा डबा आणला, रेघ मारली. प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेत 'प्रत्येक मोजमापाआधी रिकामा होल्डर' ही ओळ घातली, रेघ मारली. आजच्या यादीत नऊ कामं आहेत, त्यांतली आठ दुपारपर्यंत होतील. नववं गेले दोन महिने रोज उतरवून घेते आहे : 'माझी गोळी काढून मोजणे. आधी रिकामा होल्डर.'